घरपट्टी आणि मताचा हक्क

आज आपल्या फ्रिस्कोचा अलीकडचा इतिहास.

टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही. त्यामुळे शाळांचा मोठा भार प्रॉपर्टी टॅक्सवर, म्हणजे आपल्या घरपट्टीवर. पुण्यात तिचा दर महापालिका ठरवते. इथे मात्र, त्या वेळच्या नियमानुसार, शाळा चालवण्याचा दर घराच्या दर १०० डॉलर किमतीमागे १.०४ डॉलरच्या वर न्यायचा, तर थेट मतदान घ्यावं लागे.

२७ ऑगस्ट २०१६ रोजी फ्रिस्को आयएसडीने १.१७ डॉलर मागितले. मतदारांनी नकार दिला. खर्चाला कात्री लागली, चार नव्या शाळांचं उघडणं लांबलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेच १.१७ मंजूर झाले. या वेळी कर्जफेडीचा दर कमी केल्याने एकूण दर १.४६ वरून १.४४ वर उतरला.

दोन्ही वेळा एच-१बी आणि ग्रीन कार्डवरच्या घरमालकांनी कर पूर्ण भरला. मत मात्र फक्त नागरिकांना. म्हणून आपल्यापैकी जे नागरिक झालेत, त्यांनी पुढच्या मतदानाआधी शेजारच्या मराठी घरी जरूर विचारावं: ही वाढ तुम्हाला झेपेल का? आणि मुलांच्या शाळेत काय कमी पडतंय?