वेगाकडून तोलाकडे

जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत हसनाबाद नांवाचें गांव आहे. गिरजा व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतला हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि 1 मे 1981 रोजीं जालना जिल्हा निराळा होईतों तो औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. येथील भूमीचीं रूपें दोन. शेतांत काळी, कसदार, चिकट माती; आणि नदीच्या पात्रांत व माळावर त्या मातीचा जनक असलेला काळा बेसॉल्ट दगड. पावसाळ्यांत मातींत चाक रुततें आणि दगडावर तें घसरतें. बैलगाडी या दोहोंतून वाट काढीत आली, ती कांहीं वेगाच्या बळावर नव्हे. बैल पाऊल चांचपून टाकतो, गाडीवान कासरा कधीं सैल सोडतो तर कधीं ओढून धरतो, आणि गाडी हळूहळू पुढें सरकते. पुढें मोटारसायकल आली ती वेग घेऊन आली. परंतु वेग हा सडकेवरचा गुण आहे. पाणंदींत आणि नदीच्या गोट्यांत जो गुण उपयोगीं पडतो तो निराळा. त्याचें नांव तोल.

मोटारसायकलच्या जगांत या दोन गुणांचे दोन स्वतंत्र खेळच झाले आहेत. पहिला एन्ड्यूरो. रानवाटांनीं शेंकडो किलोमीटरांची मजल नेमलेल्या वेळांत मारावयाची, हें त्याचें मर्म. 1913 सालीं इंग्लंडांतील कार्लाईल येथें आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल प्रथम भरली, तिच्यांतून हा खेळ वाढला. 1981 पासून त्या स्पर्धेच्या नांवांतच एन्ड्यूरो हा शब्द आला. दुसरा खेळ ट्रायल्स. त्यांत घड्याळाला दुय्यम स्थान. खडक, ओढे, झाडांचीं मुळें आणि उभे चढ अशा आंखून दिलेल्या आखूड टप्प्यांतून स्वारानें जमिनीला पाय न लावतां यंत्र पार न्यावयाचें. पाय एकदां टेकला तर एक गुण दंड, दोनदां टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळां टेकला तर तीन, आणि टप्पा साधलाच नाहीं तर पांच. ज्याचा दंड सर्वांत कमी तो विजयी.

गंमत अशी कीं या दोन्ही खेळांचें कूळ एकच आहे. स्कॉटलंडमधील सुप्रसिद्ध ट्रायलचें मूळ 1909 सालापर्यंत जातें. आरंभीं यंत्र मुक्कामीं पोहोंचतें कीं नाहीं, एवढीच परीक्षा असे. पुढें यंत्रें सुधारलीं, बहुतेक स्वार मुक्कामीं पोहोंचूं लागले, आणि त्यांतून श्रेष्ठ कोण हें ठरवावें कसें असा पेंच पडला. तेव्हां वाटेवरील अवघड जागा हेरून तेथें पंच उभे करण्यांत आले. कोण थांबला, कोणाचा पाय टेकला, हें ते टिपून ठेवीत. हळूहळू या जागांनाच महत्त्व आलें. एका शाखेनें अंतर आणि वेळ घेतला, दुसरीनें तोल घेतला. आणि यंत्रांच्या घडणीही त्याप्रमाणें वेगवेगळ्या होत गेल्या.

मराठी घरांना चांगली परिचित असलेली बुलेट याच इतिहासांतून घडली आहे, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानीं नसतें. 1948 सालच्या आरंभीं इंग्लंडांतील कोलमोर कप ट्रायलमध्यें रॉयल एन्फील्डनें नव्या घडणीच्या बुलेट उतरविल्या. त्यांचें मागलें चाक झुलत्या दांड्यावर बसविलेलें होतें व तें स्प्रिंगच्या आधारें खालींवर होई. त्या काळच्या जाणत्या स्वारांचा असा दृढ समज होता कीं मागलें चाक चौकटीला घट्ट जखडलेलें असेल तरच तें जमीन धरतें. त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथील सहा दिवसांच्या स्पर्धेंत विजयी ठरलेल्या ब्रिटिश संघांत दोन स्वार बुलेटवर होते, आणि दोघांनींही सुवर्णपदकें मिळविलीं. 1952 सालीं जॉनी ब्रिटन या स्वारानें एन्फील्डवरच स्कॉटलंडची ट्रायल जिंकली. जखडलेल्या चाकापेक्षां जमिनीचा चढउतार ओळखून हलणारें चाक अधिक चांगलें, ही गोष्ट अशा रीतीनें सिद्ध झाली.

1955 सालीं मद्रास मोटर्सशीं भागीदारी होऊन एन्फील्डचा संसार भारतांत मांडला गेला. पुढें बुलेट लष्करांत, पोलिसांत आणि गांवोगांवच्या सडकांवर रुळली; पण ती सडकेचें वाहन म्हणून. आज ती सुमारें 195 किलो भरते. 2019 सालीं कंपनीनें बुलेट ट्रायल्स या नांवाची आवृत्ति काढली. उंच वळविलेला सायलेन्सर, एकट्याचें आसन, खडबडीत टायर, असें तिचें रूप जुन्या ट्रायल्सची आठवण करून देई. परंतु अंगीं बुलेटचेंच वजन आणि बुलेटचीच लांबी. वेष बदलला म्हणून चाल बदलत नाहीं.

चाल बदलावयाची तर काय करावें लागतें, याचा सर्वांत बोलका धडा बेलफास्टच्या सॅमी मिलरनें घालून दिला आहे. त्याच्याजवळ 500 सीसीची एरियल मोटारसायकल होती. 'जीओव्ही 132' या नोंदणी-क्रमांकानेंच ती प्रसिद्ध आहे. मिलर या यंत्रावर वर्षानुवर्षें खपला. रेनॉल्ड्स 531 या मजबूत पण हलक्या पोलादाच्या नळ्यांची चौकट, फायबरग्लासचे भाग, असें करीत करीत त्यानें तिचें वजन सुमारें 110 किलोंपर्यंत उतरविलें. 1962 व 1964 या दोन्ही वर्षीं स्कॉटलंडची ट्रायल त्यानें तिच्यावरच जिंकली. तरीही एक मर्यादा उरलीच. जड, मोठ्या इंजिनाभोंवतीं किती काटछांट करावी याला शेवटीं अंत आहे.

मिलरनें तो अंत ओळखला आणि 1964 च्या अखेरीस तो स्पेनमधील बुल्टाको कंपनीकडे गेला. तेथें शेर्पा नांवाची एक रानवाटेची हलकी मोटारसायकल तयार होतीच. मिलरनें ती पुढें घेतली. चौकटीची ठेवण, फोर्कचा कोन, इंजिनाची चाल, यांत फेरफार करून तिची खरी ट्रायल्स मोटारसायकल बनविली. तीच शेर्पा-टी. 1965 सालीं त्यानें तिच्यावर स्कॉटलंडची ट्रायल जिंकली. ब्रिटिश नसलेल्या यंत्रानें ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. अर्धें शतक ज्या खेळावर ब्रिटिश कारखान्यांची सत्ता होती, तो त्यांच्या हातून निसटूं लागला. 1975 सालीं जागतिक अजिंक्यपद सुरू झालें तेव्हां पहिला विजेता मार्टिन लँपकिन हा इंग्रजच होता. पण त्याच्या मांडीखालीं स्पॅनिश बुल्टाको होती.

मिलरनें जें केलें तेंच आजचा हौशी स्वार लहान प्रमाणावर करूं पाहतो. भारतांत 2019 सालीं आलेल्या हीरो एक्सपल्स 200 सारख्या गाड्यांमुळें रानवाटेचें यंत्र सामान्यांच्या आवांक्यांत आलें. अशा यंत्राला तोलाची चाल शिकवावयाची तर पहिला हात घालावा लागतो तो साखळीच्या दातेरी चाकांना, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेंत स्प्रॉकेटांना. समजा, पुढें 13 आणि मागें 39 दांते आहेत. त्या जागीं 12 आणि 48 बसविले तर इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडीचा वेग तीनचतुर्थांश होतो, आणि क्लच न दाबतां ती माणसाच्या चालीच्या जवळपास येते. दुसरी गोष्ट फ्लायव्हीलची. त्याला वजन जोडलें कीं इंजिन झटकन् उसळत नाहीं व झटकन् बंदही पडत नाहीं. कुंभाराचें जड चाक जसें एकदां फिरविल्यावर आपल्या जडपणानेंच फिरत राहतें, तसाच हा प्रकार. तिसरी गोष्ट पावदानांची. ट्रायल्सचा स्वार बसत नाहीं, तो उभा राहतो. म्हणून पावदानें थोडीं खालीं आणि मागें घ्यावीं लागतात, आसन उतरवावें लागतें, आणि हँडल उभ्या माणसाच्या हाताशीं येईल असें लावावें लागतें. स्प्रिंगा मऊ कराव्या लागतात. जें जें अनावश्यक तें तें काढून ठेवावें लागतें.

टायरांचा प्रश्न त्या मानानें सोपा. एन्ड्यूरो गाडीला बहुधा पुढें 21 इंची व मागें 18 इंची चाक असतें, आणि ट्रायल्सच्या टायरांचीं मापेंही तींच. या टायरांत हवा अगदीं थोडी, मागल्या चाकांत पांच पौंडांच्या आसपास, ठेवतात. मऊ रबर दगडाला बिलगून बसतें. मात्र आंत ट्यूब असेल तर टायर रिमवर सरकून ट्यूबची तोटी उखडण्याचा धोका असतो, म्हणून तो रिमला पकडून ठेवणारा चाप बसविल्यावांचून हवा इतकी कमी करूं नये.

एवढें करूनही कांहीं गोष्टी हातीं येत नाहींत. आजची स्पर्धेची एन्ड्यूरो गाडी सुमारें 105 किलोंची, तर ट्रायल्सची सुमारें 70 किलोंची. एन्ड्यूरोच्या दोन चाकांमधील अंतर 1480 मिलिमीटरांच्या जवळपास, ट्रायल्सचें 1320 च्या आसपास. एन्ड्यूरोचा फोर्क सरळ वाटेवर स्थिर राहण्यासाठीं पुढें कललेला, ट्रायल्सचा त्याहून तीनचार अंशांनीं उभा. म्हणून ती जागच्या जागीं वळते. फोर्कच्या नळ्या पकडींतून 15 मिलिमीटर वर सरकविल्या तर कोनांत अर्ध्या अंशाहून थोडाच अधिक फरक पडतो. राहिलेला फरक चौकट कापल्याशिवाय पडत नाहीं; आणि कापलेली चौकट पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. म्हणून शहाणा मिस्त्री आधीं पाना हातीं घेतो, करवत नव्हे. जें काढून पुन्हां बसवितां येईल तेंच प्रथम बदलावें, हा या कामांतला पहिला नियम होय.

आणि प्रत्येक बदलाची किंमत असते. स्प्रॉकेट बदललें कीं सडकेवरील वेग जातो आणि पेट्रोल अधिक लागतें. आसन उतरविलें कीं तासाभराचा प्रवासही नकोसा होतो. टायरांचें तर विशेषच. ट्रायल्सचा चौकोनी ठोकळ्यांचा टायर गिरजेच्या पात्रांतील ओल्या दगडावर जमीन धरील. पण हसनाबादच्या काळ्या रानांत श्रावणसरींनंतर त्याच ठोकळ्यांच्या फटी मातीनें भरून जातील आणि चाक लोण्यावर फिरावें तसें फिरूं लागेल. तेथें एन्ड्यूरोच्या उंच, विरळ दांतांचा टायरच बरा, कारण तो माती झाडून टाकतो. तीच गत मडगार्डाची. चाकाला चिकटून बसविलेल्या मडगार्डांत काळी माती कोंबली गेली कीं चाक थांबतें. म्हणून एन्ड्यूरोंत तें चाकापासून दूर, उंच बसवितात.

यंत्र चांगलें कीं वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. तें कोणत्या जमिनीसाठीं, हें आधीं विचारावें लागतें. इंग्लंडांतील कारखान्यांनीं हा प्रश्न उशिरा विचारला, आणि जुन्या यशावर विसंबून राहिल्याची किंमत मोजली. मिलरनें तो वेळीं विचारला. आणि ज्याला हें सारें यंत्रशास्त्र ठाऊक नव्हतें असा काळ्या मातींतला गाडीवान पिढ्यान् पिढ्या तोच प्रश्न मनांत धरून चालत आला: पुढें चिखल आहे कीं दगड, आणि या पावलाला किती बळ पुरे? स्प्रॉकेट, फ्लायव्हील आणि फोर्क हीं त्या प्रश्नाचीं निव्वळ नवीं उत्तरें आहेत.