आरंभ पहिल्या भागापासून करावा काय?

युबिसॉफ्टची 'असॅसिन्स क्रीड' ही व्हिडिओ गेमची मालिका इतिहासावर बेतलेली आहे. घरातील तरुण मंडळी ती खेळू लागली, की तिचा आरंभ पहिल्या भागापासून करावा काय, हा प्रश्न आम्हां इतिहासाची गोडी असणाऱ्यांपुढेही येतो.

मुळात येथे पहिला भाग कोणता? प्रकाशनक्रम आणि कालक्रम जुळत नाहीत. २००७ चा पहिला भाग तिसऱ्या धर्मयुद्धातील, म्हणजे ११९१ सालच्या जेरुसलेम, दमास्कस व एकर या नगरांत घडतो. २००९ चा दुसरा भाग पंधराव्या शतकातील इटलीत. २०१७ चा 'ऑरिजिन्स' मात्र थेट क्लिओपात्राच्या इजिप्तात जातो, आणि मारेकऱ्यांच्या ज्या पंथाची कथा दहा वर्षे चालली, त्याचा उगम तेथे कळतो. यात आम्हांस वावगे दिसत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील घरांत मल्हारराव आणि राणोजी आधी कानी पडतात, शिवकाल मागाहून.

तरीही आमचे मत २००७ च्या भागाकडेच झुकते. डेस्मंड माइल्स नावाचा आजचा तरुण एका यंत्राच्या साहाय्याने, रक्तातून उतरलेल्या पूर्वजांच्या आठवणी जगतो. हे सूत्र २०१२ च्या तिसऱ्या भागापर्यंत सलग चालते. मध्येच शिरणाऱ्याच्या हाती वंशावळीचे मधलेच पान येते. पहिला भाग कंटाळवाणा आहे, हे खरे. सावजे नऊ, आणि प्रत्येकासाठी तेच चोरून ऐकणे, खिसे कापणे, दरडावून विचारणे. पण इतिहासाच्या वाचकाला सर्वांत अधिक खाद्य त्यातच आहे. मास्यफचा किल्ला खरा, तेथील निझारी इस्माइली खरे, त्यांचा प्रमुख रशीदुद्दीन सिनान खरा. टायर येथे ११९२ मध्ये कॉनराड ऑफ माँफेराटचा वध झाला, तो निझारी मारेकऱ्यांच्या हातून. याउलट टेम्पलर पंथाचा प्रमुख रोबेर द साब्ले यास खेळात ११९१ सालीच अर्सूफच्या रणात मारले आहे; प्रत्यक्षात तो ११९३ पर्यंत जगला. या कल्पनेमागे व्लादिमिर बार्टोलची 'अलामूत' (१९३८) ही स्लोव्हेनियन कादंबरी आहे. खेळासोबत एखादा इतिहासग्रंथ उघडा ठेवला, तर खरे कोठे संपते आणि रचलेले कोठे सुरू होते, हे पडताळण्याची सवय मुलांस येथे सहज लागेल.

ज्यास इतका धीर नसेल, त्याने 'ऑरिजिन्स' घ्यावा. तेथे आजच्या काळातील पात्र नवे आहे, आणि डेस्मंडची ओळख नसली तरी फारसे अडत नाही.