भूमिका-खेळांतील डायनासोर : भिलाईचा चुनखडक आणि वरोऱ्याची हाडे

फासे, कागद आणि पेन्सिल एवढ्याच साहित्यावर चालणाऱ्या भूमिका-खेळांत डायनासोरचा वावर अगदी प्रारंभापासून आहे. या खेळात एक जण सूत्रधार होऊन कथानक सांगतो आणि इतर खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात. पात्राने योजलेली कृती साधली की फसली, याचा निर्णय फाशांवर होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला व्यावसायिक खेळ मानला जातो. त्यातील काही राक्षस प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांवरून सुचले होते आणि ती खेळणी दुकानात ‘प्रागैतिहासिक प्राणी’ म्हणून विकली जात. त्यामुळे वास्तवाशी असलेले नाते मुळातच सैल होते.

हे नाते घट्ट करू पाहणाऱ्या सूत्रधाराला पहिला प्रश्न प्राण्याच्या दातांचा नव्हे, तर खडकाच्या वयाचा पडतो. छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्यात १९५९ मध्ये उत्पादन सुरू झाले. कारखान्याला लागणाऱ्या चुनखडकासाठी जवळच नंदिनी येथे खाण आहे. सुरुंगाच्या स्फोटानंतर खाणीच्या भिंतीत डायनासोरचा सांगाडा उघडा पडतो, ही कल्पना कथानकाच्या आरंभासाठी कोणालाही सुचेल. मात्र ती अशक्य कोटीतील आहे. छत्तीसगड खोऱ्यातील हा चुनखडक सुमारे एक अब्ज वर्षे किंवा त्याहूनही जुना आहे, तर डायनासोर पृथ्वीवर अवतरले ते सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी. या खडकात सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेल्या ‘स्ट्रोमॅटोलाइट’ नावाच्या रचना आढळतात. हाडे असलेला कोणताही प्राणी त्या काळी अस्तित्वातच नव्हता.

भिलाईच्या खेळाडूंना डायनासोरच्या शोधात लोहमार्गाने पश्चिमेकडे, महाराष्ट्रात जावे लागेल. डोंगरगढ, गोंदिया, नागपूर आणि तेथून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा. या परिसरातील डोंगरगाव आणि पिसदुरा ही गावे जगभरच्या पुराजीवशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. (राजनांदगाव जिल्ह्यातही एक डोंगरगाव आहे, त्याचा या हाडांशी संबंध नाही.) येथील खडक ‘लमेटा’ समूहातील असून दख्खनच्या लाव्हाच्या थरांखाली ते जतन झाले. त्यांचे वय सात कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे डायनासोर युगाच्या अखेरच्या पर्वातले आहे.

डोंगरगावला सापडलेल्या महाकाय शाकाहारी प्राण्याचे वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. त्यातील पहिली अक्षरे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतली आहेत. त्याच्या पुढच्या पायातील दंडाचे एकच हाड जवळजवळ दीड मीटर लांब आहे. पुढचे पाय लांब, मान मात्र या कुळाच्या मानाने आखूड व जाड, असा हा आगळा देह होता. कवटी मिळालेली नाही. लांबीच्या अंदाजांतही बराच फरक आहे. अशा ठिकाणी सूत्रधाराने चेहऱ्याचे वर्णन धुक्यात किंवा झाडांआड ठेवणे अधिक प्रामाणिक ठरते.

शिकारी प्राणी म्हणून बहुतेक खेळांत टायरॅनोसॉरस रेक्स आणला जातो. चित्रांमुळे तोच सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, हे खरे. पण तो उत्तर अमेरिकेचा रहिवासी होता आणि भारतात त्याचा अवशेष कधी सापडलेला नाही. येथे त्याची जागा ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ने घ्यावयास हवी. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथे १९८२ ते १९८४ या काळात त्याची हाडे मिळाली आणि २००३ मध्ये त्याचे नामकरण झाले. डोक्यावर एक बुटके शिंग आणि धिप्पाड मागचे पाय ही त्याची ओळख होय. प्रारंभी त्याची लांबी सुमारे नऊ मीटर सांगितली गेली, नंतरचे काही अंदाज त्याहून बरेच कमी आहेत.

खेळाच्या पुस्तकांत प्राण्याचे बळ आकड्यांनी मोजले जाते. त्याचा घाव किती जबर, तो किती आघात सोसतो, याचे कोष्टक असते. दोष कोष्टकात नाही; शेवटचा आकडा संपेपर्यंत प्राणी लढत राहतो, हा त्यातला संकेत खोटा आहे. कोणताही शिकारी प्राणी जखम टाळतो, पिल्लू किंवा दुबळे जनावर निवडतो आणि शिकार महाग पडू लागली की मागे फिरतो. याचा दाखला थेट जीवाश्मांतूनच मिळतो. गुजरातेत धनंजय मोहबे यांना १९८४ मध्ये डायनासोरच्या अंड्यांजवळ एका सापाचे अवशेष मिळाले. ‘सनाजेह’ या नावाने २०१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा हा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून होता आणि शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू होते. प्रौढ डायनासोरला सापाचे भय नव्हते, त्याच्या पिल्लाला होते. असा एक प्रसंग पटावर आला तर दहा लढायांचे काम होते.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की, अजस्र देहाच्या माद्या त्यांमध्ये वावरून अंडी राखत असतील, असे संशोधकांना वाटत नाही. घरट्याजवळ चवताळून उभी असलेली माता हे चित्र त्यामुळे येथे लागू पडत नाही.

देखाव्याबाबतही खेळाडूंना नवी माहिती उपलब्ध आहे. पिसदुऱ्याच्या जीवाश्म झालेल्या विष्ठेत गवताच्या सूक्ष्म खुणा मिळाल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. त्यापूर्वी डायनासोरच्या काळात गवत नव्हते, असेच समजले जाई. आता भारतातील प्रसंगात पायाखाली थोडे गवत दाखवण्यास आधार आहे. क्षितिजावर दख्खनच्या ज्वालामुखींचा धूरही शोभतो, मात्र कथानक ६.६ कोटी वर्षांच्या जवळपास बेतलेले असावे.

काळाची सरमिसळ ही सर्वांत सामान्य चूक. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा परिसरात सापडलेला आणि रवींद्रनाथ टागोरांच्या नावाने ओळखला जाणारा ‘बारापासॉरस टागोराय’ जुरासिक कालखंडातला आहे. त्याच्यात आणि राजासॉरसमध्ये दहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दोघांना एका नदीकाठी आणता येत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या प्राणिकोशात तर प्लेसिओसॉरस आणि टेरानोडॉन यांनाही डायनासोर या शीर्षकाखाली स्थान आहे. पहिला सागरी सरीसृप, दुसरा उडणारा. दोघेही डायनासोर नव्हेत.

अद्भुत कथानकच हवे असेल, तर जबलपूरचा इतिहास पुरेसा आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेले कॅप्टन विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये तेथे मोठी हाडे मिळाली. जबलपूरच्या अशा हाडांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे तो मूळ नमुना हरवल्याचे मानले गेले. २०१२ मध्ये मोहबे आणि सहकाऱ्यांच्या शोधात तो कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहात पुन्हा हाती लागला.