करार मोडायची सोय होती, तरीही...

मागच्या महिन्यात मी घरभाड्याचा करार नवा केला. ११ महिने, दोन सह्या, एक महिन्याची नोटीस, विषय संपला. तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. मराठी बायबलच्या दोन भागांची नावंही ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ अशीच आहेत. शब्द तोच, पण अर्थ पार वेगळा.

घरभाड्याच्या करारात एकानं अट मोडली की दुसरा सुटतो. बायबलमधला देव मात्र माणसांनी वचन मोडलं तरी आपल्या बाजूनं नातं तोडत नाही. ख्रिस्ती धर्म लग्नाकडे याच नजरेनं बघतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात नवरा-बायकोची तुलना ख्रिस्त आणि त्याची मंडळी यांच्याशी केली आहे. ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला, तसं नवऱ्यानं बायकोवर प्रेम करावं. (बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं, हेही तिथंच आहे, आणि त्यावर आजही वाद होतात.) कॅथलिक चर्च लग्नाला सात संस्कारांपैकी एक मानतं. १६व्या शतकात मार्टिन ल्यूथरनं हे नाकारलं. पण लग्न देवाने नेमून दिलं आहे, हे त्यालाही मान्य होतं.

आता खरा पेच. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको झाली नाही, तर?

हा प्रश्न पहिल्या शतकातच आला होता. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सांगतो: जोडीदार सोबत राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका. तोच निघून गेला, तर मात्र तुम्ही बांधलेले नाही.

पुढे ब्रिटिश भारतात हाच प्रश्न कोर्टापर्यंत गेला आणि १८६६ साली धर्मांतरितांच्या घटस्फोटाचा खास कायदा झाला. धर्मांतरामुळे जोडीदार सलग सहा महिने दूर राहिला, तर अर्ज करता यायचा. न्यायाधीश त्या जोडीदाराला बोलावून विचारायचे. नकार आला तर प्रकरण वर्षभर थांबवायचे आणि पुन्हा विचारायचे. तरीही नकारच असेल, तर लग्न रद्द. मग दोघंही पुन्हा लग्न करायला मोकळे.

म्हणजे धर्मग्रंथात वाट होती, कायद्यातही होती. या पार्श्वभूमीवर कवी नारायण वामन टिळकांकडे बघा. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. त्यांच्यासाठी हा आघातच होता. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायचं म्हणजे जात, सोवळं, नातीगोती सगळं पणाला लावायचं. कागदावर पुन्हा लग्नाची मुभा त्यांनाही मिळाली असती. पण त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला तिचा उपयोग तो काय?

जवळपास पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. टिळकांनी ना लग्न मोडलं, ना दुसरं केलं.

इथं टिळकांना थोर ठरवून थांबणं सोपं आहे. मला ते पटत नाही. धर्म बदलायचा निर्णय त्यांचा होता, किंमत मात्र लक्ष्मीबाईंनीही मोजली. पण हेही खरं की पाच वर्षं ते एका न पाळल्या जाणाऱ्या कराराला आपल्या बाजूनं धरून राहिले. लग्नाचा जो अर्थ त्यांचा नवा धर्म सांगत होता, त्याची परीक्षा चर्चमध्ये झाली नाही. ती या रिकाम्या घरात झाली.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या, पण हिंदू म्हणूनच. त्यांचा धर्म त्यांच्यापाशी, टिळकांचा त्यांच्यापाशी. पौल म्हणतो तसंच हे घर: जोडीदार राहायला तयार आहे ना, मग सोडू नका. पुढे जातपात माणसानंच केली, हे लक्ष्मीबाईंना स्वतःला पटलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सगळा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलाय. एकदा वाचाच, रडवतं आणि पोट धरून हसवतंही.

एक गोष्ट सांगून थांबतो. चर्चमधल्या लग्नात वधू-वर दोघांनाही संमती विचारतात, आणि ती नसेल तर लग्नच होत नाही. लक्ष्मीबाईंचं लग्न ११व्या वर्षी झालं. तेव्हा त्यांना कोण विचारणार? मला वाटतं, त्या नगरला आल्या तेव्हा या लग्नाला त्यांचा स्वतःचा होकार पहिल्यांदा मिळाला. पाच वर्षं उशिरानं नाही, जवळजवळ वीस वर्षं उशिरानं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!