जुन्या सरदाराची साक्ष : बखर, कवायती फौज आणि नागपूरकर भोसल्यांचे छत्तीसगड

रणांगणावर आयुष्य घालवलेला वृद्ध सेनानी नव्या पद्धतीच्या फौजेकडे पाहतो आणि ती कुचकामी ठरवतो, हा प्रसंग अनेक भाषांतील युद्धवाङ्मयात आढळतो. मराठीत त्याचे सर्वपरिचित रूप म्हणजे पानिपतापूर्वी मल्हारराव होळकरांनी सदाशिवरावभाऊंना दिलेला सल्ला. असा अभिप्राय अनुभवाचा म्हणून प्रमाण मानला जातो. तो इतिहासाचा पुरावा कितपत आणि निवेदनाची गरज कितपत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा, विशेषतः रतनपूर-रायपूर प्रांताचा अनुभव शेजारी ठेवला की या प्रश्नाला निराळे वळण मिळते.

‘भाऊसाहेबांची बखर’ आणि काशीराज पंडिताचा १७८० मधील फारसी वृत्तांत या दोन्हींत सल्ल्याचा प्रसंग येतो. जड तोफा, बुणगे आणि कबिले सुरक्षित ठिकाणी ठेवावेत व सड्या फौजेनिशी शत्रूची रसद तोडावी, असे मल्हारराव आणि सूरजमल जाट यांचे म्हणणे. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळावर आणि तोफखान्यावर. दोन्ही वृत्तांत १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतरचे आहेत. शेवट ठाऊक असलेल्या निवेदकाला आरंभी एक दुर्लक्षित शहाणा लागतो. महाभारतातील विदुराची जागा येथे मल्हारराव घेतात. सल्ला घडलाच नाही, असा याचा अर्थ नव्हे. त्याला मिळालेला भविष्यवाणीचा सूर उत्तरकालीन आहे, एवढेच.

प्रत्यक्ष लढाईचा तपशील या सुराला दुजोरा देत नाही. काशीराज शत्रुपक्षाच्या छावणीत, शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता. त्याच्याच वृत्तांतानुसार गारद्यांनी रोहिल्यांच्या फळीची भयंकर हानी केली आणि त्या झुंजीत त्यांच्या पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या. फौज अगोदरच उपासमारीने खंगलेली होती, आणि पायदळाने पाडलेल्या खिंडाराचा लाभ घोडदळाला सुसूत्रपणे घेता आला नाही. स्वतः मल्हारराव आपल्या पथकांसह रणांगणातून निघून गेले. दोन युद्धपद्धती एका सैन्यात नांदत होत्या, त्यांना बांधणारी एक आज्ञा मात्र नव्हती. दोष कवायतीत शोधण्यापूर्वी तो या सांध्यात शोधला पाहिजे.

दुसरी साक्ष विजेत्याची आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केल्यावर आर्थर वेलस्लीने आपल्या पत्रव्यवहारात असे मत मांडले की, शिंद्यांनी युरोपीय अधिकारी आणि पायदळ न ठेवता जुन्या मराठी रीतीने केवळ घोडदळावर युद्ध चालवले असते, तर ते अधिक भयंकर ठरले असते. शत्रूचा हा अभिप्राय आणि बखरीतला सल्ला एकाच दिशेचे असल्यामुळे ‘मराठ्यांनी गनिमी कावा सोडला आणि राज्य गेले’ हे सूत्र रूढ होण्यास मोठा आधार मिळाला. परंतु त्याच वेलस्लीने शिंद्यांच्या पायदळाची आणि तोफखान्याची मुक्त प्रशंसाही केली आहे. असईला त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. नव्वदहून अधिक तोफा हाती आल्या, त्या गोलंदाज अखेरपर्यंत जागचे न हलल्यावर. उतारवयात आपल्या सर्वोत्तम लढाईचे नाव विचारले असता त्याने वॉटर्लूऐवजी असईचे नाव घेतल्याचे सांगतात. ज्या फौजेला हरवणे ही आयुष्याची कमाई वाटावी, ती फौज कुचकामी कशी?

या विसंगतीचे उत्तर रणांगणाबाहेर आहे. युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्याने शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना फितवले आणि कंपूंची अधिकारीश्रेणी ऐनवेळी विस्कळीत झाली. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निकालाचे मूळ शस्त्रांपेक्षा लष्करी अर्थव्यवहारात आणि विकत घेतलेल्या निष्ठांत दाखवले आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मध्येच मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेचा विचार राज्यव्यवस्थेपासून तोडता येत नाही, हे दाखवून दिले होते.

भोसल्यांचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. १७४१ मध्ये भास्करपंताने रतनपूर घेतले, ते बंगाल-ओरिसाकडील मुलूखगिरीच्या ओघात. वेगवान घोडदळाचे ते उत्तम यश होते. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले. १७८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रांत सुभेदारांकरवी चालवला गेला. शिंद्यांच्या तुलनेत भोसल्यांची कवायती पायदळावरील भिस्त मर्यादितच होती. जुनी रीत हाच तरणोपाय असता, तर १८०३ मध्ये नागपूर तरी वाचायला हवे होते. पण २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह, अशा तीन आठवड्यांत कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. अडगावला एक लक्षणीय घटना घडली. असईला टिकलेल्या कंपनीच्या काही देशी पलटणी तोफांचा मारा सुरू होताच उधळल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा रांगेत आणले. कवायत भीती नाहीशी करत नाही. भेदरलेल्या शिपायाला परतण्याची जागा आणि परत बोलावणारा अधिकारी ती पुरवते.

ती जागा टिकवायला नियमित पगार लागतो आणि पगाराला नियमित वसूल. मेजर ॲग्न्यू याने १८२० मध्ये छत्तीसगड सुभ्याविषयी लिहिलेला अहवाल या बाजूने वाचण्याजोगा आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर (२६-२७ नोव्हेंबर १८१७) प्रांताचा कारभार इंग्रज अधीक्षकाकडे आला आणि १८१८ मध्ये मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलले. अहवाल जेत्याचा आहे. पूर्वीच्या अमलाला दोष देण्यात त्याचे हित आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही महसूल हा लष्करी सामर्थ्याचा पाया असल्याची जी जाणीव त्यात आहे, ती मल्हाररावांच्या सल्ल्यात नाही आणि वेलस्लीच्या शेऱ्यातही नाही. जुन्या सेनानीची नजर रणांगणावर खिळलेली असते; खजिना तिच्या टप्प्यात येत नाही.

याच रायपुरात चाळीस वर्षांनी कवायती फौजेची दुसरी मर्यादा उघड झाली. सोनाखानच्या नारायणसिंहांना १० डिसेंबर १८५७ रोजी येथे मृत्युदंड दिला गेला. १८ जानेवारी १८५८ रोजी तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंहाने सार्जंट-मेजर सिडवेलला ठार केले. २२ जानेवारीस १७ साथीदारांना फाशी झाली. हनुमानसिंह हाती लागला नाही. येथे शिस्त, शस्त्र आणि पगार तिन्ही होते. शिपायाने ते कोणासाठी वापरावे, यावरचे एकमत संपले होते.

म्हणून जुन्या सरदाराची साक्ष फेटाळण्याचे कारण नाही. बखर असो वा सेनापतीचे पत्र, ती ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचली जाते, तो प्रश्न बदलला पाहिजे. नवी फौज जुनीपेक्षा सरस होती काय, हे तिच्यातून ठरत नाही. पराभवानंतर समाजाला, आणि विजयानंतर सेनापतीला, आपल्या यशापयशाचे कोणते स्पष्टीकरण सोसवते, हे मात्र तिच्यातून स्पष्ट दिसते. ‘घोडा सोडला म्हणून बुडालो’ हे स्पष्टीकरण ‘पगार थकला, आज्ञा फुटली, माणसे विकली गेली’ यापेक्षा सोसायला सोपे होते. मराठी इतिहासलेखनाने ते पिढ्यान्‌पिढ्या सोसले, याचे एक कारण हेही असावे.