मनगटाच्या पट्टीचे कूळ

मराठीत ‘नस’ हा शब्द फार कामाचा आहे, आणि मनगटाच्या एका दुखण्यात तोच घोटाळा करतो. रक्तवाहिनी ही नस, मज्जातंतू ही नस, आणि स्नायूला हाडाशी बांधणारी कंडराही नसच. नस दबते, नस चढते, नस आखडते, आणि मग ती चोळून मोकळी करायची, हे घरोघरचे शास्त्र. मनगटाच्या तळहाताकडच्या अंगाला हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर जाड, सहसा न ताणला जाणारा अस्थिबंध छपरासारखा आडवा बसलेला असतो. त्या बोळातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या सोबत मीडियन हा एकच मज्जातंतू. या दहाही दोऱ्यांना आपण नसच म्हणणार. पण जागा अपुरी पडली की तक्रार करतो तो एकटा मज्जातंतू. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी मात्र शाबूत राहते. रात्री झोप मोडते, माणूस उठून बसतो आणि हात झटकतो. हा कार्पल टनेल सिंड्रोम. त्यावरची फिजिओथेरपी म्हणजे शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्याची पळवाट, किंवा ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत वेळ काढणे, असा समज रुग्णांत आहे आणि काही डॉक्टरांतही आहे. तिची कुळकथा पाहिली की नाते उलटे निघते. या दुखण्यावरचा पहिला नोंदलेला गुण पट्टीने आलेला आहे, आणि त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे: मज्जातंतूला बोळात जागा करून द्या. फिजिओथेरपी या तत्त्वाशी इमान राखते तेव्हा ती पूर्ण उपचार असते. ते विसरून ती शेक आणि यंत्रांच्या रांगेत जाऊन बसते, तेव्हा तिच्यावर होणारी टीका तिने निमूट ऐकावी.

लंडनचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांची शल्यविकृतीवरची व्याख्याने १८५३ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यात गायज रुग्णालयातल्या एका माणसाची हकिकत आहे. ती पॅजेट यांना जॉन हिल्टन यांनी सांगितली होती. त्या माणसाचे मनगटाजवळचे हाड मोडले होते. जुळताना तिथे हाडाची वाजवीपेक्षा जास्त भर आली आणि मीडियन मज्जातंतू दाबला गेला. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर जखमा झाल्या, त्या कोणत्याही औषधाला दाद देईनात. शेवटी तळहाताकडची बाजू सैल पडेल अशा बेताने मनगट बांधले, तेव्हा मज्जातंतूवरचा दाब हटला आणि जखमा भरल्या. बांधलेले असेपर्यंत बोटे बरी राहिली. त्याला हात वापरायची मुभा दिली आणि जखमा परत आल्या. या चार-पाच ओळींत रोगाचे कारण आहे, उपचार आहे, आणि उपचार काढून घेतल्यावर काय होते याची परीक्षाही आहे. आज ज्याला आपण रिस्ट स्प्लिंट म्हणतो त्याचा मूळपुरुष हाच. हिल्टन पुढे विश्रांतीचा उपचार म्हणून काय गुण येतो यावरच्या व्याख्यानांसाठी प्रसिद्ध झाले. ‘रेस्ट अँड पेन’ हे त्यांचे पुस्तक शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान् पिढ्या वाचले. ज्याला विश्रांतीचे शास्त्र लिहायचे होते त्याच्याच तोंडून ही पट्टीची गोष्ट निघाली, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही.

पॅजेटचा रुग्ण अपघाताचा होता. काहीही न मोडता, न लागता हाताला येणाऱ्या मुंग्यांकडे नीट लक्ष दिले ते बॉस्टनच्या जेम्स जॅक्सन पटनम यांनी. १८८० साली त्यांनी सदतीस रुग्णांचे वर्णन केले. बहुतेक स्त्रिया होत्या, त्रास रात्री किंवा पहाटे वाढायचा, आणि हात खाटेखाली लोंबता सोडला किंवा झटकला की बरे वाटायचे. हे झटकणे म्हणजे रुग्णांनी स्वतःच शोधलेली हालचालीची चिकित्सा होती. ते पाहून कोणी तरी मनगटाकडे वळायला हवे होते. तसे झाले नाही. दुखणे मनगटात असूनही पुढची पन्नास-साठ वर्षे वैद्यकाची नजर मानेकडे आणि खांद्याकडे होती. मानेपाशी जास्तीची बरगडी आहे का हे शोधले जाई, आणि हाताच्या मुंग्यांसाठी बरगड्या कापल्या जात. पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फुआ यांनी १९१३ साली ऐंशी वर्षांच्या एका मृत व्यक्तीच्या मनगटाचा छेद घेऊन अस्थिबंधाच्या तोंडाशी सुजलेला मज्जातंतू दाखवला आणि हा अस्थिबंध वेळीच कापला तर हात वाचेल असे सुचवले. म्हणजे सुरीची कल्पना सुचायलाच पट्टीनंतर साठ वर्षे गेली. शस्त्रक्रियेच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक जेम्स लर्मंथ यांची, १९३३ ची. लंडनच्या रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी १९४७ साली सहा स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली आणि क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांनी १९५० पासून पुढे हा आजार घरोघरच्या डॉक्टरांना ओळखता येईल इतका सोपा करून सांगितला. मनगट मिनिटभर पूर्ण वाकवून धरायचे आणि मुंग्या येतात का पाहायचे, ही त्यांची परीक्षा. ती परीक्षा आणि हिल्टन यांची पट्टी ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत: वाकवले की दाब वाढतो, सरळ ठेवले की उतरतो.

जुने म्हणून बरोबर, असे म्हणता येत नाही. शिरा तोडून रक्त काढणे यापेक्षा जुने होते. पट्टीच्या बाजूने खरा पुरावा आला तो १९८१ साली, जेव्हा अमेरिकेत रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी बोळातच बारीक नळी घालून दाब मोजला. निरोगी मनगट सरळ असताना तो पाऱ्याच्या सरासरी २.५ मिलिमीटर इतका भरला, रुग्णांचा ३२. मनगट पूर्ण आत वाकवले की रुग्णांत तो ९४ वर गेला आणि मागे वळवले की ११० वर. त्याच सुमाराला झालेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले होते की मज्जातंतूवर वीस ते तीस मिलिमीटर दाब पडला की त्यातल्या बारीक शिरांमधले रक्त मंदावू लागते. झोपेत मनगट उशीखाली, गालाखाली, पोटाशी घडी घालून तासन् तास पडलेले असते. पटनमच्या रुग्णांची रात्र इथे उलगडते. आणि एक गोष्ट या आकड्यांत आहे जी बाजारात पट्टा घेताना कोणी सांगत नाही: मागे वळवलेले मनगटही तितकेच वाईट. तयार मिळणाऱ्या अनेक स्प्लिंटच्या आत तळहाताच्या बाजूने धातूची चपटी पट्टी सरकवलेली असते आणि ती वीस-तीस अंशांनी वर उचललेली असते. हा घाट दुसऱ्या घराण्यातून आला आहे. लुळे पडून खाली लोंबणारे मनगट उचलून धरावे, बोटांना पकड यावी, यासाठी तो वळण दिलेला स्प्लिंट होता. दाब उतरवायचा असेल तर मनगट जवळजवळ सरळ हवे. १९९४ च्या एका तुलनेत वीस अंश वर उचललेल्या स्प्लिंटपेक्षा सरळ स्प्लिंटने रुग्णांना जास्त आराम पडला. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट पट्टा हातात आला की आधी ती धातूची पट्टी शिवणीतून बाहेर ओढतो, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करतो, परत आत सरकवतो आणि मगच वेल्क्रो आवळतो, तोही बोटांची टोके निळसर पडणार नाहीत इतपतच. या अर्ध्या मिनिटाच्या कामात उपचाराचा निम्मा भाग आहे.

दुसरा पूर्वज हालचालीचा. बोळातल्या दोऱ्या एकमेकींवरून सरकत असतात, आणि मज्जातंतूही सरकतो. १९७६ साली मॅकलेलन आणि स्वॉश यांनी दंडातल्या मीडियन मज्जातंतूत सुई ठेवून पाहिले, तेव्हा मनगट आणि बोटे मागे ताणली की तो सरासरी सातेक मिलिमीटर खाली उतरत असल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट रॉबर्ट एल्वे आणि डेव्हिड बटलर यांनी मज्जातंतूंच्या या सरकण्यावर तपासणीची आणि उपचाराची पद्धतच उभी केली. फिलाडेल्फियात जेम्स हंटर यांच्या हाताच्या केंद्रात आधी कंडरांच्या, मग १९९१ साली मीडियन मज्जातंतूच्या व्यायामाच्या पायऱ्या ठरल्या. मूठ मिटायची, मनगट सरळ ठेवून बोटे उघडायची, मग मनगट मागे, मग अंगठा बाहेर, मग तळहात आकाशाकडे, आणि शेवटी दुसऱ्या हाताने अंगठा हळूच थोडा ओढायचा. प्रत्येक पायरीवर काही क्षण थांबायचे, मुंग्या वाढल्या की एक पायरी मागे यायचे. यात जोर कुठेच नाही. आपल्याकडे मात्र फिजिओथेरपी म्हणजे बळ वाढवणे हे समीकरण घट्ट बसले, आणि त्याला इतिहास आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली ती पोलिओच्या साथीमुळे. लुळ्या स्नायूत जीव आणणे हे त्या पिढीपुढचे काम होते आणि ते त्यांनी मन लावून केले. तोच संस्कार मनगटाच्या या दुखण्यात रबरी चेंडू दाबण्याचा सल्ला होऊन येतो, तेव्हा मूठ आवळून बोळातला दाब वाढतो आणि रुग्ण रात्री आणखी जागतो.

भारताने या विद्येला दिलेले देणे वेगळे आहे आणि ते वेल्लोरचे आहे. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि शस्त्रक्रियेनंतर हाताला पुन्हा शिकवणाऱ्या थेरपिस्टना बरोबरीचे स्थान दिले. बधिर बोटांवरच्या जखमा रोगाने मांस सडल्यामुळे होत नाहीत, न कळता होणाऱ्या इजेने आणि दाबाने होतात. हात-पाय बांधून त्यांना विसावा दिला की त्या भरतात, हे ब्रँड यांनी दाखवले. गायज रुग्णालयातल्या त्या अनाम माणसाची बोटे शंभर वर्षांनी इथे समजली. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलला गेले, आणि १९७७ साली त्या देशात हाताच्या थेरपिस्टांची स्वतंत्र संघटना उभी राहिली तेव्हा त्या विषयाच्या पायात वेल्लोरचा अनुभव होता.

आता मुख्य आक्षेप. नेदरलँड्समध्ये १७६ रुग्णांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठरा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटात ९० टक्के लोक सुधारले, स्प्लिंटच्या गटात ७५ टक्के. आणि या स्प्लिंटवाल्यांतल्या ४१ टक्क्यांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतले होते. हा आकडा झाकून फिजिओथेरपीची वकिली करू नये. पण तो दुसऱ्या बाजूनेही वाचावा: निम्म्याहून अधिक लोकांना दीड वर्षात सुरी लागली नाही. शिवाय त्या गटाला स्प्लिंटच दिला होता, हालचाल नव्हती. माद्रिदमध्ये १२० स्त्रियांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला आठवड्याला एक अशा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन बैठका दिल्या, ज्यांत मानेपासून तळहातापर्यंत मज्जातंतूच्या वाटेवर हाताने काम केले गेले. पहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात थेरपीचा गट पुढे होता, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात दोघे सारखे. रुग्ण सगळ्या स्त्रिया, चमू एकच; तेवढ्यावरून शस्त्रक्रिया निकालात काढता येत नाही. पण आधी सुरी आणि ती नको असेल तर थेरपी, हा क्रम या चाचणीने नक्कीच उलटा केला. अल्ट्रासाउंडची कथा सावध करणारी आहे. व्हिएन्नात १९९८ साली खऱ्या यंत्राने आणि खोट्या यंत्राने केलेल्या तुलनेत सहा महिन्यांनी ७४ आणि २० टक्के असा मोठा फरक दिसला. तिथे पंधरा मिनिटांच्या वीस बैठका सात आठवडे दिल्या होत्या. नंतरच्या आढाव्यांना मात्र पुरावा कच्चाच वाटला. त्याच नावाखाली चार दिवस पाच-पाच मिनिटे यंत्र फिरवून, मनगटाच्या कोनाचा उल्लेखही न करता रुग्णाला घरी पाठवले, तर तो व्हिएन्नाचा उपचार नव्हे आणि हिल्टनचाही नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. हात वापरला की आजार परततो हे १८५३ सालीच दिसले. मग ज्यांचे पोट हातावर आहे त्यांनी काय करायचे? कणीक मळणारी, भाकऱ्या थापणारी, खानावळीत दिवसाला शेकडो पोळ्या लाटणारी बाई मनगट बांधून बसू शकत नाही. थेरपीचे उत्तर रात्रीत आहे. दिवसाचे सहा-आठ तास मालकाचे असतील, रात्रीचे सहा तास मज्जातंतूला देता येतात, आणि दाब सर्वांत नकळत वाढतो तोही तेव्हाच. गरोदरपणात होणारा त्रास तर बहुधा बाळंतपणानंतर उतरतो. तेवढे महिने रात्रीचा पट्टा पुष्कळदा पुरतो. मधुमेह, थायरॉइड, संधिवात यांनी बोळ आतूनच भरत असेल, तर त्या आजाराचा बंदोबस्त आधी हवा. आणि एक जागा अशी आहे जिथे पट्टीने मागे सरावे. तळहात वर करून अंगठ्याच्या बुडाशी पाहावे. तिथला मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट झाला असेल, शर्टाचे बटण लावताना अंगठा चिमटीत येत नसेल, चहाचा कप सुटत असेल, बधिरपणा दिवसभर उतरतच नसेल, तर मज्जातंतूचे धागे मरू लागले आहेत. तेव्हा मारी आणि फुआ यांनी सुचवलेली वाट धरावी, लवकर धरावी, आणि फिजिओथेरपिस्टनेच रुग्णाला त्या वाटेवर पोहोचवावे.