दांडी-तारापूर परिसर आणि आट्यांच्या तीन मापपद्धती

मळसूत्र हा शब्द मराठीत जुना आहे. कुडीच्या दांडीवर सोनार आटे पाडतो आणि त्यावर फिरकी बसवितो. प्रवासाला नेण्याच्या फिरकीच्या तांब्याचे झाकणही याच युक्तीने बसते. तेव्हा आट्याची कल्पना आपल्या कारागिरांस पाश्चात्त्यांनी शिकविली असे मानण्याचे कारण नाही. नवी होती ती वेगळीच गोष्ट. सोनाराची फिरकी त्या एकाच कुडीला बसे. ती हरवली तर दुसरी पुन्हा त्या कुडीवरच जुळवून घ्यावी लागे. एके ठिकाणी केलेला बोल्ट आणि हजार कोस दूर केलेले नट एकमेकांस न पाहताही जुळावेत, ही अपेक्षा यंत्रयुगाची होय. प्रस्तुत लेखात या अपेक्षेचा इतिहास दांडी व तिच्या भोवतालच्या छोट्या भूभागाच्या आधारे पाहावयाचा आहे.

दांडी हे पालघर तालुक्यातील मच्छीमारांचे गाव. (कुडीच्या दांडीशी गावाचा संबंध जोडण्याचा मोह वाचकांनी आवरावा.) जवळच तारापूरचे अणुवीजकेंद्र; पूर्वेस बोईसरची औद्योगिक वसाहत आणि लोहमार्ग. उत्तरेकडे चिंचणी-तारापूरच्या गावांत दागिन्यांचे ठसे घडविण्याचा गृहोद्योग चालतो. त्या ठशांस तेथे ‘डाय’ म्हणतात, आणि लेथवाल्या कारागिराच्या भाषेत ‘डाय’ म्हणजे बोल्टवर आटे पाडण्याचे हत्यार. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ थोड्या मैलांच्या अंतरावर नांदत आहेत.

या भागात यंत्रयुग आले ते रेल्वेबरोबर. मुंबई-बडोदे व मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. त्याची सामग्री इंग्रजी, म्हणून आटेही इंग्रजी, म्हणजे व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आपली योजना मांडली तेव्हा इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा होता. त्याने ठिकठिकाणचे बोल्ट जमवून त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि आट्याचा कोन ५५ अंश ठरविला. व्यवहारातून नियम काढण्याची ही रीत आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते. परंतु त्याच्या आट्याची शिखरे व तळ गोलाकार असत, आणि ती गोलाई अचूक साधणे सामान्य कारागिरास कठीण जाई.

हीच अडचण पुढे करून फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा, सपाट शिखरांचा आटा सुचविला. रेल्वे मुंबईत आली ते हेच वर्ष, हा केवळ योगायोग. दोन्ही पद्धतींत बहुतेक व्यासांना इंचातील आट्यांची संख्या सारखीच होती: पाव इंचास २०, पाऊण इंचास १०. अर्ध्या इंचास मात्र व्हिटवर्थचे १२ आणि अमेरिकनांचे १३. अर्ध्या इंचाचे परके नट दोन-तीन फेऱ्यांतच अडकते आणि चूक उघड होते. पाव इंचाचे नट चढते. पण कोन निराळे असल्यामुळे आट्यांच्या बाजू पूर्णपणे टेकत नाहीत आणि भार थोड्या जागेवर पडतो. अडकणाऱ्या नटापेक्षा हे चढणारे नट अधिक घातक, असे आमचे मत आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांस ही विसंगती फार जाचली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, कॅनडा व अमेरिका यांनी ६० अंशांचा युनिफाइड आटा मान्य केला.

तारापूरच्या किनाऱ्यावर ही दुसरी पद्धती अणुवीजकेंद्राबरोबर येणे क्रमप्राप्त होते. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीशी १९६४ साली करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. आराखडे अमेरिकन, मापे इंचांत. गंमत अशी की, देशाने १९५६ साली कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली होती. या प्रकारच्या अणुभट्टीत इंधन बदलताना पात्राचे अवजड झाकण काढावे लागते. ते जाड आटेदार खुंट्यांनी आवळलेले असते. खुंटी यंत्राने किंचित ताणून नट फिरवावयाचे व ताण सोडावयाचा, म्हणजे झाकण घट्ट बसते. तेथे आटा बिघडून चालत नाही. १९७४ च्या पोखरण येथील स्फोटानंतर अमेरिकेकडून मिळणारे साहाय्य आटत गेले आणि सुटे भाग देशातच घडविणे भाग पडले. मेट्रिक देशातील कारागिरास त्यासाठी परकीय इंची मापे सांभाळावी लागली. प्रमाण ठरविणाऱ्याने हात आखडला, तरी त्याचे प्रमाण पाळणे चुकत नाही, हे येथे प्रत्ययास आले.

तिसरी पद्धती मेट्रिक. तिनेही सेलर्सचाच ६० अंशांचा कोन घेतला आहे. अर्ध्या इंचाच्या जवळचा मेट्रिक बोल्ट १२ मिलिमीटरचा, त्याचे अंतर १.७५ मिलिमीटर, म्हणजे इंचास सुमारे साडेचौदा आटे. बारा, तेरा आणि साडेचौदा, असे हे तीन शेजारी आहेत. नेहमीच्या प्रतीच्या अशा बोल्टवर आट्याच्या मध्यव्यासास ०.१५ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक चालत नाही. सोनार हाताने जे जोखतो ते येथे दोन गेज जोखतात: एक बसले पाहिजे, दुसरे बसता कामा नये. २००५ व २००६ साली सुरू झालेल्या तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या भारतीय आराखड्याच्या, मेट्रिक काळातील आहेत. त्यांत इंधन चालू स्थितीतच बदलता येते, त्यामुळे झाकण उघडण्याचा तो खटाटोप नाही.

जुनी पद्धती संपली असे मात्र समजू नये. पाण्याच्या नळांचे आटे आजही ५५ अंशांचे, व्हिटवर्थच्या घराण्यातले आहेत. आंतरराष्ट्रीय प्रमाणानेही ते तसेच ठेवले. शिवाय ‘अर्धा इंची’ नळाच्या आट्याचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसून सुमारे २१ मिलिमीटर भरतो, कारण हे नाव पूर्वी नळाच्या पोकळीवरून पडले. त्यावर इंचास १४ आटे असतात. दांडीतील एखाद्या घरात नळाची तोटी बदलताना प्लंबर जो आटा फिरवितो, तो हाच.